रोजचे एक पान

न्यूयॉर्क शहरात यिवो नावाची एक संशोधन संस्था आहे. पूर्व युरोपातील यहुदी लोकांचे जे ग्रंथ आणि कागदपत्रे नाझींच्या विध्वंसातून वाचली, त्यांतील पुष्कळशी तिथे जतन करून ठेवली आहेत. त्यांत एक जुना ग्रंथ आहे. त्याच्यावर एक शिक्का आहे आणि त्या शिक्क्यासाठीच तो ओळखला जातो. बेर्दिचेव्ह गावच्या लाकूडतोड्यांचे मिश्ना अभ्यास मंडळ, अशा अर्थाचा तो शिक्का आहे.

बेर्दिचेव्ह हे आजच्या युक्रेनमधील शहर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वस्तीत यहुदीच बहुसंख्य होते. मिश्ना हा त्यांचा इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेला धर्मग्रंथ. त्याचे सहा विभाग आणि ६३ प्रकरणे आहेत. शेती, सणवार, विवाह, देणेघेणे, यज्ञविधी, सोवळेओवळे असे अवघे जीवन त्यात आले आहे. लाकडे फोडून पोट भरणाऱ्या माणसांनी या ग्रंथासाठी मंडळ काढले आणि आपल्या धंद्याचे नाव अभिमानाने ग्रंथावर उमटवले.

सावता माळी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी यांची नावे घेत वाढलेल्या वारकऱ्याला यात परके असे काही वाटणार नाही. आपल्याकडेही संतांच्या नावाशी त्यांचा धंदा जोडलेलाच असतो. तरीही या लाकूडतोड्यांची गोष्ट मुळापासून समजून घेण्यासारखी आहे. कारण ती मुळात एका मोडलेल्या वारीची गोष्ट आहे.

प्राचीन काळी यहुदी लोकही वर्षातून तीन सणांना जेरुसलेमची यात्रा करीत. शेतातले पहिले पीक टोपलीत घालून, गाणी म्हणत, गावोगावचे लोक एकत्र चालत जात. तिथले मंदिर हेच त्यांच्या उपासनेचे केंद्र होते. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळून टाकले. आषाढीला निघायचे, पण पोहोचायचे देऊळच उरलेले नाही, ही कल्पनासुद्धा आपल्याला सोसवत नाही. त्या लोकांवर ती वेळ खरोखर आली. यज्ञ थांबले, पुरोहितांचे काम संपले, यात्रेचा मुक्काम नाहीसा झाला.

मग त्यांच्या जाणत्या गुरूंनी एक वाट काढली. मंदिरातली सेवा गेली असेल, तर प्रार्थना आणि अध्ययन हीच सेवा मानायची. तोंडी चालत आलेले ज्ञान मिश्नेत एकत्र आले. त्यावर पुढे तीन-चारशे वर्षे जी चर्चा झाली, ती तालमूद या महाग्रंथात साठवली गेली. मंदिराची मापे किती होती, कोणता विधी कोणत्या क्रमाने होई, हेही त्यात तपशिलाने आहे. जे मंदिर डोळ्यांनी पाहिले नाही, त्याची लांबीरुंदी शेकडो वर्षे माणसे रात्री दिव्याखाली बसून वाचत राहिली. यात्रा थांबली नाही, ती पानांतून चालू राहिली.

पण पानांतून चालण्यासाठी वाचता यावे लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे फुरसत लागते. पूर्व युरोपातील यहुदी गावांत विद्वानाला मोठा मान होता. प्रार्थनागृहात पूर्वेच्या भिंतीजवळची जागा त्याची आणि धनिकांची. शिंपी, चांभार, गाडीवान, हमाल यांची जागा मागे. लहानपणी चार अक्षरे शिकून कामाला लागलेल्या या माणसांनी मग आपापली मंडळे काढली. अशा मंडळाला ते हेव्रा म्हणत. सोबती या अर्थाच्या शब्दावरूनच तो शब्द आला आहे. कुठे शिंप्यांचे स्वतःचे प्रार्थनागृह असे, कुठे चांभारांचे.

मंडळांतही पायऱ्या होत्या. ज्यांचा अभ्यास पक्का, ते तालमूद लावीत. त्याखालोखाल मिश्नेचे मंडळ. ज्यांना कायद्याची गुंतागुंत झेपत नसे, त्यांच्यासाठी एन याकोव्ह नावाचा ग्रंथ होता. तालमूदमधील कथा आणि बोधवचने वेगळी काढून याकोव्ह इब्न हबीब या पंडिताने सोळाव्या शतकाच्या आरंभी तो रचायला घेतला. आणि ज्यांना तेही जमत नसे, ते एकत्र बसून स्तोत्रे म्हणत. बसायला जागा नाही असे कोणालाच म्हणायचे नाही, ही त्यामागची सोय होती.

मंडळाची एक वही असे. तिच्यात सभासदांची नावे, वर्गणी आणि नियम लिहिलेले असत. मंडळाचे काम वाचनापुरते नव्हते. सभासद आजारी पडला तर पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसायचे, अडल्यानडल्याला उसने द्यायचे, कोणी वारला तर अंत्ययात्रेला जायचे. मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत मिश्नेची ६३ प्रकरणे सोबत्यांनी आपसांत वाटून घ्यायची आणि गेलेल्याच्या नावाने पूर्ण वाचायची, अशीही चाल आहे. ती आजही चालते. हिब्रू भाषेत मिश्ना आणि आत्मा या दोन्ही शब्दांची अक्षरे तीच आहेत, फक्त त्यांचा क्रम वेगळा. आपल्याकडे दहाव्या-तेराव्याला कीर्तन ठेवतात, त्यामागचा भाव याहून फार वेगळा नाही.

अब्राहम हेशेल या यहुदी विचारवंताने एका ख्रिस्ती विद्वानाची आठवण नोंदवून ठेवली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा विद्वान वॉर्सा शहरात गेला होता. एका ठिकाणी पुष्कळ घोडागाड्या उभ्या दिसल्या, पण एकाही गाडीवर गाडीवान नव्हता. चौकशी करता कळले, की समोरच्या वाड्यात त्यांची अभ्यासाची खोली आहे आणि मिळालेल्या मोकळ्या वेळात सगळे तिथे ग्रंथ उघडून बसले आहेत. वर जाऊन पाहतो तो दाटीने बसलेले गाडीवान मोठमोठ्याने वाद घालीत होते.

हा वाद हेच त्यांच्या अध्ययनाचे वैशिष्ट्य. दोघे समोरासमोर बसतात, एक वाचतो, दुसरा शंका काढतो. तालमूदमध्येच याची एक कथा आहे. रब्बी योहानान हा मोठा आचार्य. त्याचा अभ्यासाचा सोबती रेश लाकीश हा आधी लुटारू होता. योहानानच्या संगतीने तो ग्रंथाकडे वळला आणि त्याच्या तोडीचा विद्वान झाला. वाल्या कोळ्याची आठवण यावी अशी ही गोष्ट. पण तिचा शेवट दुःखाचा आहे. एकदा वादाच्या भरात योहानानने त्याच्या जुन्या धंद्यावर बोट ठेवले. दोघांची मने दुखावली आणि रेश लाकीश आजारी पडून गेला. पुढे योहानानला दुसरा सोबती दिला, तर तो प्रत्येक वाक्याला आधार देऊन होकार भरू लागला. योहानान विव्हळला. रेश लाकीश आपल्या एका विधानावर चोवीस शंका घ्यायचा, त्यातून विषय उजळायचा. मान डोलावणाऱ्याचा आपल्याला काय उपयोग, असे म्हणत तो त्या शोकातच झुरला. संगतीचे मोल आणि जिभेचे पाप, दोन्ही या एका कथेत आहे.

या ग्रंथाने छळही फार सोसला. इ. स. १२४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये तालमूदच्या हस्तलिखितांनी भरलेल्या चोवीस गाड्या जाळल्या गेल्या. १५५३ मध्ये रोममध्ये पुन्हा होळी झाली. योगायोग असा, की त्याच्या आधी तीसेक वर्षे, १५२० ते १५२३ या काळात, व्हेनिसमध्ये दानिएल बोम्बेर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने संपूर्ण तालमूद छापून काढला होता. मधोमध मूळ ग्रंथ, आतल्या बाजूला राशी या अकराव्या शतकातील भाष्यकाराची टीका, बाहेरच्या बाजूला पुढच्या पंडितांची टिपणे. त्याची पानांची मांडणी आणि क्रमांक पुढच्या मुद्रकांनी तसेच ठेवले. त्यामुळे जगात कुठेही तालमूद उघडला, तरी अमुक प्रकरणाचे अमुक पान म्हणजे तेच पान. आपल्याकडे ओवीचा क्रमांक सांगितला की पुरते, तसे.

मात्र प्रत्येक प्रकरणाचे पहिले पान 'दोन' या अंकाने सुरू होते. मुखपृष्ठ धरून मोजण्याची ती मुद्रकांची रीत. पण बेर्दिचेव्हचेच संत रब्बी लेवी यित्झाक यांनी त्यातून बोध काढला असे सांगतात. माणूस कितीही शिकला तरी आपण अजून पहिल्या पानावरही पोहोचलेलो नाही, हे त्याने विसरू नये.

या सारख्या पानातूनच विसाव्या शतकातला एक मोठा नेम जन्मला. १९२३ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्ना शहरात धर्मनिष्ठ यहुदी संघटनेची जागतिक परिषद भरली होती. महायुद्धाने वस्त्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, लाखो लोक देशोधडीला लागले होते, तरुण पिढी परंपरेपासून दूर चालली होती. तिथे पोलंडमधील ३६ वर्षांचे रब्बी मेअर शापिरो उभे राहिले आणि त्यांनी एक साधी सूचना मांडली. जगभरच्या यहुद्यांनी रोज तालमूदचे एक पान वाचावे, आणि सर्वांनी एका दिवशी तेच पान वाचावे. बोटीने दूरदेशी निघालेला माणूस आपला ग्रंथ रोज वाचत जाईल, आणि अनोळखी बंदरात उतरून तिथल्या अभ्यासगृहात शिरेल, तेव्हा तिथेही तेच पान उघडलेले असेल. मग तो परका कसा राहील? शिवाय तालमूदची काही प्रकरणे कोणी हातीच घेत नसे. या नेमाने त्या पोरक्या प्रकरणांनाही वाचक मिळणार होता.

त्या वर्षीच्या यहुदी नववर्षदिनी, ११ सप्टेंबर १९२३ रोजी, नेम सुरू झाला. त्याला दाफ योमी म्हणतात, म्हणजेच रोजचे पान. गेर या पोलिश गावच्या रब्बींना हजारो लोक मानीत. त्या पहिल्या रात्री त्यांनी स्वतः पहिले पान उघडले, आणि ते पाहून त्यांचे अनुयायीही बसले. मोठ्यांनी आधी आपण नेम धरावा, तेव्हा तो खाली उतरतो.

त्या पहिल्या पानावरचा पहिला प्रश्न असा आहे: संध्याकाळचे नित्यस्मरण कोणत्या वेळेपासून करावे? हे स्मरण म्हणजे शेमा. परमेश्वर एक आहे, हे त्यातले मुख्य वचन. दिवेलागणीला हरिपाठासाठी टाळ घेऊन बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती जवळचा वाटेल! एवढा अफाट ग्रंथ, पण आरंभ कशाने, तर रोजच्या संध्याकाळच्या नामाने.

पहिले आवर्तन १९३१ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाले. शापिरो यांनी गावोगाव, देशोदेशी फिरून पैसा जमवून पोलंडमधील लुब्लिन शहरात मोठी पाठशाळा उभारली होती. मुख्य सोहळा तिथे झाला. प्रकरण संपवताना त्याला उद्देशून एक निरोपाचा पाठ म्हणतात, त्याचा आशय असा, की आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तूही आम्हाला सोडू नकोस. पंढरीहून निघताना कळसाकडे वळून पाहणाऱ्याच्या मनात जे असते तेच हे. पाठ झाला की जेवण होते, आणि लगेच पुढचे प्रकरण सुरू.

शापिरो १९३३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. दुसरे आवर्तन १९३८ च्या जूनमध्ये संपले आणि तिसरे सुरू झाले. ते मधेच असताना महायुद्ध पेटले. लुब्लिनची पाठशाळा जर्मनांनी बळकावली. १९४१ च्या सप्टेंबरात बेर्दिचेव्हमधील हजारो यहुद्यांना गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. पोलंडमधील सुमारे ३३ लाख यहुद्यांपैकी सुमारे ३० लाख मारले गेले. १९४५ च्या नोव्हेंबरात तिसरे आवर्तन पूर्ण झाले, तेव्हा पोलंडमध्ये ते सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेक जण या जगात नव्हते. पान मात्र थांबले नव्हते. जिथे कोणी जिवंत होता, तिथे तो पुढे नेत होता.

युद्धानंतर छावण्यांत राहणाऱ्या वाचलेल्या लोकांनी काय मागितले? ग्रंथ. युरोपात तालमूदचे संच मिळेनासे झाले होते. तेव्हा जर्मनीतच, हायडेलबर्ग शहरात, अमेरिकी सैन्याच्या मदतीने १९४८ ते १९५० या काळात संपूर्ण तालमूद १९ खंडांत छापला गेला. त्याच्या मुखपृष्ठावर खाली काटेरी तारांची छावणी आणि वर पवित्र भूमी असे चित्र आहे. ज्या देशातून त्या ग्रंथाला मूठमाती द्यायचा बेत झाला, त्याच देशातून तो पुन्हा छापून निघाला.

आज या नेमाची २७११ पाने आहेत आणि एका आवर्तनाला सात वर्षे पाच महिने लागतात. १ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतील एका क्रीडांगणावर तेराव्या आवर्तनाच्या समाप्तीला सुमारे ९०,००० माणसे जमली होती. त्यानंतर चारच दिवसांनी जेरुसलेममध्ये आणखी एक समाप्ती झाली, ती स्त्रियांची. शतकानुशतके तालमूदचे अध्ययन हे पुरुषांचे काम मानले गेले होते. इस्रायलमधील विदुषी मिशेल कोहेन फार्बर यांनी स्त्रियांसाठी रोजच्या पानाचा वर्ग चालवला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीच्या सोहळ्याला तीन हजारांवर लोक आले. जनाबाई आणि बहिणाबाई यांच्या ओव्या-अभंगांवर वाढलेल्यांना त्याचा आनंद वाटावा.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आता आपल्या कोकणात येऊ. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज आले, असे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ ना मिश्ना होती ना तालमूद. पिढ्यानपिढ्या उरले ते शनिवारचा विसावा, काही आचार आणि शेमाचे वचन. जन्म असो वा लग्न, प्रत्येक प्रसंगी ते तेच म्हणत. एका नामावर समाज किती काळ टिकतो, याचा याहून मोठा दाखला आपल्या भूमीत क्वचितच सापडेल.

पुढे मुंबई-पुण्यात आल्यावर हा समाज हिब्रू शिकू लागला. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पण हिब्रू न येणाऱ्या थोरामोठ्यांना धर्मकथा कळाव्यात कशा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्याकडचे कीर्तन उचलले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांत बांधून, साथीला वाद्ये घेऊन ते सांगू लागले. बेर्दिचेव्हच्या लाकूडतोड्यांसाठी जे काम मंडळाने केले, ते कोकणच्या तेल्यांसाठी कीर्तनाने केले.

आता थोडे आपल्याविषयी. दोन्ही वाटा एकच आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांची वाट शंकेतून जाते, आपली नामातून. त्यांचे पान वादाने उघडते, आपली ओवी गाण्याने. पण ग्रंथ कष्टकऱ्याच्या हाती द्यायचा आणि संगतीने तो जिवंत ठेवायचा, ही गोष्ट सारखी आहे. गावोगावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते. सात दिवसांत अठरा अध्याय पुरे करायचे असतात, व्यासपीठचालक पुढे जातात, आपण मागे धावतो. पुण्य जरूर पदरी पडते. पण एखादी ओवी अडली तर बोट वर करून अर्थ विचारायला त्या धावपळीत कोणाला उसंत असते? आणि सप्ताह संपला की ग्रंथ वस्त्रात बांधून ठेवला जातो, तो पुढच्या वर्षीच सुटतो. माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो कळावा म्हणून.

पारायण राहूच द्या. त्याचा सोहळा सुटता कामा नये. त्याच्या जोडीला गावात पाच-सात जणांनी रोज हरिपाठानंतर ज्ञानेश्वरीच्या पाच ओव्या घ्याव्यात. एकाने वाचाव्या, दुसऱ्याने न कळलेले विचारावे. ज्याला अक्षर येत नाही त्याने ऐकावे आणि त्यानेही विचारावे. ओव्या सुमारे ९००० आहेत, म्हणजे सुमारे पाच वर्षे लागतील. त्या पाच वर्षांत कोणी आजारी पडेल, त्याच्या घरी जाऊन त्या दिवसाच्या ओव्या म्हणाव्यात. कोणी वैकुंठवासी होईल, त्याच्या वाट्याची ओवी दुसऱ्याने उचलावी. ग्रंथ पुरा होईल त्या दिवशी काला करावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली ओवी घ्यावी.

बेर्दिचेव्हचे लाकूडतोडे गेले. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या नेमाचा शिक्का तेवढा उरला आहे.

राम कृष्ण हरी.